शिष्यवृत्तीची परीक्षा आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेतील शिक्षकांच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मोठ्या वक्त्यांची भाषणे होतात. यंदा समितीने आम्हा अभ्यासिकेत शिकवणाऱ्यांना उभे केले, त्याला कारण आहे. सायंकाळची वंदना संपली की चप्पल घालता घालता कोणीतरी आई आम्हाला हमखास गाठते आणि विचारते, "सर, पोराला स्कॉलरशिपचा क्लास लावू का?" प्रश्न एका ओळीचा आहे. पण त्यामागे महिन्याचे हजार-बाराशे रुपये असतात, चार घरची धुणीभांडी असतात, आणि आपले पोर मागे पडेल ही भीती असते. प्रत्येकीला दारात उभे राहून उत्तर देणे होत नाही, म्हणून आज सगळ्यांना मिळून देतो.

आधी ही परीक्षा कोणती ते नीट समजून घेऊ. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, ही संस्था राज्यभर एकच प्रश्नपत्रिका काढून ती घेते. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी चौथीला किंवा सातवीला ही परीक्षा दिली असेल. २०१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीवर आणण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वस्तीत सध्या गोंधळ आहे. कोणी म्हणतो पाचवीला, कोणी म्हणतो चौथीला. शेजारणीला विचारण्यापेक्षा शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, कारण अर्जही शाळेमार्फतच भरला जातो. मागासवर्गीय मुलांना शुल्कात सवलत आहे, तीही विचारून घ्या.

आणि अर्जाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही शाळांत वर्गातली चारदोन "हुशार" मुले निवडून फक्त त्यांचेच अर्ज भरतात. शाळेचा निकाल चांगला दिसावा, हा त्यातला हेतू. आपले पोर मागच्या बाकावर बसणारे असेल तर त्याचे नाव त्या यादीत येत नाही आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तेव्हा वर्ष सुरू झाल्यावर स्वतः जा. बाई, एक दिवसाची अर्धी मजुरी बुडाली तरी जा. आणि नम्रपणे पण ठाम सांगा की आमच्या मुलाचा अर्ज भरा, तो बसणार आहे. मग अर्ज भरला का, माध्यम बरोबर टाकले का, नाव दाखल्याप्रमाणे आहे का, हे डोळ्यांनी पाहून या. वाचता येत नसेल तर आमच्यापैकी कोणालाही सोबत न्या. आम्ही येतो.

पाचवीसाठी ठरलेला आराखडा असा आहे. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे. पहिल्यात मराठीचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. म्हणजे एका पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ ९० मिनिटे. हिशोब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल.

निकालातही एक घोटाळा होतो. दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के, म्हणजे प्रत्येकी ६० गुण मिळाले की मूल "पात्र" ठरते. निकालावर "पात्र" लिहिलेले पाहून घरात पेढे वाटतात आणि मग वर्षभर पैशांची वाट पाहतात. शिष्यवृत्तीचे संच मात्र ठरलेले असतात आणि ते गुणवत्ता यादीप्रमाणे जातात. पात्र होणे वेगळे आणि शिष्यवृत्तीधारक होणे वेगळे. पेढे जरूर वाटा, पात्र होणेही कमी नाही. पण पोराला "पैसे का नाही आले रे" म्हणून बोलू नका.

आता त्या "बुद्धिमत्ता चाचणी"बद्दल. हे नावच आपल्या लोकांना घाबरवते. पन्नासपैकी अठरा आले की बाप म्हणतो, "याला बुद्धीच कमी आहे." हे ऐकले की आमच्या अंगावर काटा येतो. बुद्धी जन्माने ठरते, अमक्याच्या घरी असते आणि तमक्याच्या घरी नसते, हे ऐकवून ऐकवून आपल्या किती पिढ्या शाळेच्या बाहेर ठेवल्या ते या विहारात कोणाला सांगायला नको. तेच वाक्य आता आपणच आपल्या पोराला का ऐकवायचे? मुळात अशा चाचण्या निघाल्या कशा ते पाहा. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी एक चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदतीची गरज आहे हे ओळखायचे, एवढ्यासाठी. बुद्धी ही कायमची ठरलेली, न वाढणारी गोष्ट आहे असे म्हणणाऱ्यांना बिने यांनी स्वतःच विरोध केला होता. आणि आपल्या परीक्षेतील या पेपरात असते काय? संख्यामालिका, आरशातील प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेतील स्थान, दिनदर्शिका, आकृत्यांतील फरक. पंधरा-वीस प्रकार आहेत. जो प्रकार कधी पाहिलाच नाही तो पहिल्यांदा पाहिला की कोणीही गडबडतो, अगदी पदवीधरसुद्धा. तोच प्रकार दहा वेळा हाताखालून गेला की सुटायला लागतो. बुद्धी बाजारातून आणावी लागत नाही, सराव करावा लागतो एवढेच.

उदाहरण सांगतो, कारण उदाहरणाशिवाय हे कळत नाही. प्रश्न असा येतो : एका रांगेत एक मुलगा पुढून आठवा आणि मागून तेरावा आहे, तर रांगेत एकूण मुले किती? पर्याय : १९, २०, २१, २२. मूल काय करते? आठ आणि तेरा एकवीस. पर्यायांत पाहते तर २१ आहेच! झाले, आनंदाने गोल रंगवते. उत्तर २० आहे, कारण तो मुलगा दोन्हीकडून मोजला गेला. आता हे आम्ही फळ्यावर सांगून पाहिले तर मुले "हो हो" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा २१ लिहितात. म्हणून आम्ही याच सभागृहात मुलांना रांगेत उभे करतो. पुढून मोजा, मागून मोजा, आणि ज्याच्यापाशी दोनदा बोट आले त्याला हसत हसत बाहेर काढा. एकदा का असे झाले की पोर विसरत नाही.

यातून पालकांनी समजून घेण्यासारखी गोष्ट ही की चुकीचे पर्याय उगीच दिलेले नसतात. मुले नेमके कुठे घसरतात ते पाहूनच पेपर काढणारा ते उत्तर पर्यायांत बसवतो. आपले उत्तर पर्यायांत सापडले म्हणजे ते बरोबर, असा मुलांचा समज असतो. तो मोडायला वेळ लागतो. घरी गणित घेताना "उत्तर काय आले" एवढेच विचारू नका, "कसे आले" ते विचारा. तुम्हाला गणित येत नसले तरी हरकत नाही. पोर समजावून सांगायला लागले की त्याचे त्यालाच कळते कुठे चुकले.

असाच दुसरा प्रश्न खांबांचा. शंभर मीटर सरळ रस्त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर दहा मीटरवर एक खांब रोवला तर खांब किती? शंभर भागिले दहा, दहा, असे मूल म्हणते. उत्तर अकरा. पण बुद्धपौर्णिमेला ज्या पोरांनी रस्त्यावर पताका बांधायला बांबू रोवले आहेत त्यांना विचारा, ती लगेच सांगतील की शेवटच्या टोकाला एक जास्तीचा लागतो. गोल मैदानाभोवती शंभर मीटरचा घेर असेल तर मात्र दहाच, कारण तिथे पहिला आणि शेवटचा एकच. आपल्या मुलांना हे कामातून आधीच माहीत असते. ते कागदावरच्या प्रश्नाशी जोडून देणे हे आमचे काम. आरशातील घड्याळही तसेच. आरशात ३ वाजून ४० मिनिटे दिसत असतील तर खरी वेळ ८ वाजून २०. अकरा वाजून साठ मिनिटांतून दिसणारी वेळ वजा करायची, ही युक्ती पुस्तकात मिळेल. पण आधी घरचे घड्याळ भिंतीवरून काढा आणि आरशासमोर धरा. दोन दिवस पोरांना तेच करू द्या.

मराठीच्या पेपराबद्दल थोडे जास्त बोलणार आहोत, कारण तिथे आपली मुले ज्या कारणाने गुण घालवतात ते फारसे कोणी बोलत नाही. आपण मराठीच बोलतो, मग मराठीत काय अवघड, असे वाटते ना? प्रश्न येतो : किल्ल्यांचा... काय? पर्याय : गुच्छ, जुडगा, घोस, मोळी. आता आपल्या नागपूरकडे किल्ली कोण म्हणतो? आपण चाबी म्हणतो, आणि घरात "चाब्यांचा गुच्छा कुठाय" असे विचारतो. पोर बिचारे गुच्छ रंगवते. उत्तर आहे जुडगा. पोराची भाषा कच्ची नाही हो, त्याच्या घरातला शब्द पुस्तकात नाही एवढेच. बटाट्याला आपण आलू म्हणतो म्हणून आपली भाषा हलकी ठरत नाही. ती आपली आहे, ती ठेवा. पण परीक्षेपुरती पुस्तकातली दुसरी मराठी पोराच्या हाती द्यावी लागते. आम्ही अभ्यासिकेत एक वही ठेवली आहे. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. मुलेच ती भरतात आणि आजीकडून शब्द आणण्याची त्यांच्यात चढाओढ लागते. केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस, लाकडांची मोळी, गुरांचा कळप. असे शब्द पाठ करून बसण्यापेक्षा रोज रात्री जेवताना पाच विचारा.

आकड्यांच्या बाबतीत उलट आहे. तिथे आईला येते आणि मुलाला येत नाही. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे हे शब्द आता इंग्रजी आणि सेमी इंग्रजीतल्या मुलांना कळत नाहीत. दीडशे आणि पावणेदोनशे मिळून किती असे विचारले तर पाहात राहतात. भाजीवाल्याशी बोलणारी आई लगेच म्हणते, सव्वातीनशे. तेव्हा बाजाराला जाताना पोराला सोबत न्या आणि हिशोब त्याला करू द्या. पावशेर, अर्धा किलो, डझन, सगळे तिथेच शिकून होते. ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४, हे मात्र सांगावे लागेल. दस्ता म्हणजे २४ कागद, रीम म्हणजे वीस दस्ते, ४८० कागद. इथे एक गंमत आहे. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या रीममध्ये ५०० कागद असतात आणि त्या दुकानात काम करणाऱ्याचा मुलगा ५०० च लिहिणार! त्याचे म्हणणे खोटे नाही. पण परीक्षेत ४८० लिहायचे. असो.

उत्तरपत्रिकेविषयी. गोल पेनाने रंगवायचे असतात, निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने, आणि एकदा रंगवला की खोडता येत नाही. शाळेत पेन्सिलीने लिहिणाऱ्या मुलाच्या हातात परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा पेन येते आणि हात थरथरतो. सहा महिने आधीपासून पेन वापरू द्या. दुसरे म्हणजे, एखादा प्रश्न सोडला की खालची सगळी उत्तरे एका ओळीने वर सरकतात. पोराला सगळे येत असते आणि तरी निकाल शून्यासारखा लागतो. म्हणून दर वेळी प्रश्नाचा क्रमांक मनात म्हणायचा आणि त्याच क्रमांकाचा गोल शोधायचा, ही सवय आम्ही पहिल्या दिवसापासून लावतो. कठीण प्रश्नावर अडून बसायचे नाही, प्रश्नपत्रिकेवर बारीक खूण करून पुढे जायचे. शेवटची दहा मिनिटे राखून ठेवायची. आणि गुण कापत नाहीत हे आधी सांगितले ना, तर एकही गोल रिकामा सोडायचा नाही. चार पर्यायांपैकी दोन नक्की चुकीचे आहेत एवढे कळले तरी उरलेल्या दोनांतून एक निवडायला काय हरकत आहे?

पाचवीत मूल बसले असेल तर नवोदयचाही विचार करा. सहावीच्या प्रवेशासाठी ती परीक्षा असते. आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय नवेगाव खैरीला आहे. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे मोफत. पेपर मराठीतून देता येतो. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, त्यात निम्मे गुण आकृत्यांच्या मानसिक क्षमता चाचणीला. अर्जाला पैसे पडत नाहीत. पण ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. तिसरी, चौथी, पाचवी यांपैकी एक दिवसही मूल शहरातल्या शाळेत शिकले तर ते शहरी धरले जाते. म्हणून गावी राहणाऱ्या भावाच्या, बहिणीच्या मुलांना हे आवर्जून कळवा. त्यांची संधी आपल्यापेक्षा जास्त आहे. मुलींसाठी एक तृतीयांश जागा आहेत, अनुसूचित जातींच्या जागा आहेत. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, त्यामुळे आपल्या मुलांना त्या लागू आहेत. परंतु जातीचा दाखला नसेल तर तोंडी सांगून चालत नाही. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधायला महिना-दोन महिने सहज जातात. आजोबांच्या शाळेचा दाखला कुठल्या पेटीत आहे ते आजच पाहा, निवड झाल्यावर धावपळ नको.

आता घरातले वातावरण. रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि मोबाईल, आणि त्याच खोलीत पोराने अभ्यास करायचा, हे होणार नाही. एका खोलीच्या घरात कोणी काय करावे हे सांगणे सोपे नाही, आम्हीही तशाच घरांतून आलो आहोत. पण संध्याकाळचा एक तास आवाज बंद ठेवता येतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला रोज एक तास पुरे आहे, तोही अर्ध्या-अर्ध्या तासाने. पहाटे चारला उठवून डोळ्यांवर पाणी मारून बसवणारे बाप आम्ही पाहिले आहेत. ते पोर वर्गात झोपते. आणि मारू नका. मार खाल्लेले मूल पेपरात प्रश्न वाचत नाही, घरी गेल्यावर काय होईल त्याचा विचार करते.

गुणांवरून एक आठवण द्यायची आहे. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांच्या चरित्रात त्यांचे गुण नोंदलेले आहेत : ७५० पैकी २८२. आजच्या हिशोबाने अडतीस टक्केसुद्धा नाहीत. त्या निकालावर वस्तीने सत्कार केला, केळुस्कर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीने काय घडते हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच ती आपल्या मुलांनी मिळवावी असे आम्हाला वाटते. पण तीनशेपैकी एकशे दहा घेऊन आलेल्या पोराला दारात उभे करून शेजाऱ्याच्या मुलाचे गुण सांगणाऱ्यांनी तो २८२ चा आकडा आधी एकदा मनात म्हणावा.

राहिला पहिला प्रश्न, क्लास लावायचा की नाही. आमचे स्पष्ट मत असे की कर्ज काढून लावू नका. जिथे साठ-सत्तर मुले एका खोलीत बसवून पुस्तकातले प्रश्न फक्त वाचून दाखवतात तिथे तर मुळीच नको. शाळेत जादा तास होत असतील तर तिथे पाठवा, काही गुरुजी-बाई मनापासून घेतात. जुन्या प्रश्नपत्रिका हाच खरा अभ्यास आहे. आणि त्या आपल्याकडे, विहाराच्या कपाटात आहेत.

समितीने सभागृह सोमवार ते शुक्रवार सायंकाळी वंदनेनंतर दीड तास अभ्यासिकेला दिले आहे, त्याबद्दल आभार. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ घड्याळ लावून सराव पेपर होतो. त्या वेळी सभागृहात दुसरा कार्यक्रम ठेवू नये आणि लाऊडस्पीकर लावू नये, ही समितीला जाहीर विनंती. सराव उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्सचा खर्च आहे, ज्यांना जमेल त्यांनी वर्गणी महिला मंडळाकडे द्यावी, पावती मिळेल. ज्यांना जमणार नाही त्यांच्या मुलांनाही तेवढेच कागद मिळतील. महाविद्यालयात शिकणाऱ्या वस्तीतल्या मुलामुलींपैकी ज्यांना आठवड्यातून एक दिवस देता येईल त्यांनी आज जेवणानंतर थांबावे. इंग्रजीसाठी आणखी दोघे हवे आहेत. येणाऱ्या मुलाने एक बॉलपेन, एक वही आणि बसायला पट्टी आणावी.

जय भीम. नमो बुद्धाय.